गॅरेथची पत्रं कुठं ठेवायची

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख द्या, असा संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. कशावर लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, "रजनीमावशी, तुम्ही लायब्ररीत होतात ना, त्यावरच लिहा. पुस्तकं, वाचनाची आवड, असं काहीतरी छान." मी मनात म्हटलं, झालं! सगळी नोकरी मी लोकांना हेच सांगण्यात घालवली की बाबांनो, मी पुस्तकांवर शिक्के मारत नाही. आता रिटायर झाल्यावरही तेच सांगायचं. आणि छान म्हणावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. तरी सांगते.

मी कागद दुरुस्त करायची. इथं ओहायोत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळघरात आमची खोली होती. वर विद्यार्थी, कॉफी, कॉम्प्युटर. खाली आम्ही दोघी-तिघी आणि मेलेल्या माणसांची पत्रं. फाटलेली, भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली, बुरशी धरलेली. ती आली की मऊ ब्रशनं झाडायची, जमत असेल तर पाण्यातून काढायची, फाटलं असेल तिथं मागून पातळ जपानी कागदाची पट्टी लावायची. चिकटवायला काय, तर गव्हाच्या सत्त्वाची खळ. लहानपणी नागपुरात आम्ही पतंगाला लावायचो तीच, फक्त इथं ती गाळून गाळून घेतात आणि हातमोजे घालून लावतात. खळच का, तर उद्या कुणाला वाटलं की रजनीनं काम बिघडवलं, तर थोडं पाणी लावून सोडवता यावं. जे परत सोडवता येत नाही ते करायचंच नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

लोक नेमकं तेच करून येतात. एक गृहस्थ आले, वडिलांची युद्धातली पत्रं घेऊन. सगळी प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली, चकाचक. मोठ्या कौतुकानं माझ्यापुढे पसरली आणि म्हणाले, आता हे प्लास्टिक काढून द्या. काढून द्या! ते प्लास्टिक कागदात वितळून बसलेलं असतं. त्यांना नाही म्हणताना माझ्या जिवावर आलं, कारण गृहस्थ रडायला लागले.

आपली माणसंही कमी नव्हती. अमेरिकेतल्याच फ्रिस्कोहून मुलीकडे इथल्या ओहायोतल्या डब्लिनला आलेले एक काका घराण्याची सनद घेऊन आले. मोडीतली. तिला दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावलेला, तोही पिवळा पडून चिकटा सुटलेला. काकांनी आधी माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारलं. मी सगळं सांगितलं. काका जरा वेळ सनदीकडे बघत बसले, मग म्हणाले, "बरं, आता तुमच्याच हातात आहे." तो टेप उचकटायला माझ्या नाकी नऊ आले. सनद नीट झाली. काकांनी नंतर आंब्याच्या वड्या पाठवल्या, चांगल्या होत्या.

काका ज्या कारणानं थबकले ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. माझे आजोबा गावच्या मालगुजाराकडे राबायचे. मालगुजार म्हणजे आमच्या विदर्भातले गावचे जमीनमालक, गढीत राहायचे. त्यांच्या चिठ्ठ्या गावोगाव पोचवायचं काम आमच्या घराकडे होतं. उन्हातान्हात कोसच्या कोस चालायचे आजोबा, आणि हातातल्या चिठ्ठीतलं अक्षरही त्यांना वाचता यायचं नाही. आमच्या घरात जपून ठेवलेला सगळ्यात जुना कागद म्हणजे आईचं चौथीचं प्रगतिपुस्तक. अशा घरातली मुलगी अमेरिकेत येऊन जमीनदारांच्या पत्रांना ठिगळं लावत बसली, याचं मला हसूही यायचं आणि थोडा तोराही होता, नाही म्हणत नाही.

कारण आमच्याकडे येणारी जुनी पत्रं बहुतेक जमीनदारांचीच असायची. ज्यांच्याकडे फडताळं असतात, त्यांचीच पत्रं राहतात. आणखी एक गोष्ट सांगते, ही मी नवीन पोरींना हमखास सांगायची. जुना कागद आजच्या कागदापेक्षा कितीतरी टिकतो. का, तर तो चिंध्यांचा. गरिबांच्या अंगावर झिजून विरलेले सुती आणि लिननचे कपडे गोळा करून, कुटून त्याचा लगदा करायचे. त्या कागदावर साहेब लिहायचे की अमुक कुळाला घरातून बाहेर काढा. आजचा स्वस्त कागद लाकडाचा. त्यात आम्ल असतं, तो आपसूक पिवळा पडतो, चुरा होतो. आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही डागाळतो.

हे सगळं सांगितलं ते ट्रेहर्नबाईंसाठी.

ब्रॉन्वेन ट्रेहर्न. ऐंशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, काठी टेकत पण ताठ चालणाऱ्या. दक्षिण ओहायोत डोंगराकडच्या एका गावात शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. त्या भागात वेल्समधून आलेली माणसं पुष्कळ, खाणींत आणि लोखंडाच्या भट्ट्यांवर आलेली. पण यांचं घराणं मजुरांचं नव्हतं. वेल्समध्ये यांची गढी होती, प्लास वर्नेन नावाची. भोवतीची शेतं, गिरणी, कुळं, सगळं यांचं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या धाकट्या मुलानं, डेव्हिडनं, पत्त्यांत नाव घालवलं. बापानं त्याला जहाजावर बसवून ओहायोला धाडलं आणि बजावलं की मी जिवंत आहे तोवर दारात उभा राहू नकोस. तो डेव्हिड म्हणजे ट्रेहर्नबाईंचा खापरपणजोबा. तो इथं आला, म्हणून तिकडून त्याला पत्रं येत राहिली, आणि ती त्यानं ठेवली.

ती पत्रं बाईंनी आमच्याकडे आणली. दोन लाकडी खोके, आत फितीनं बांधलेले गठ्ठे. त्या पत्रांची मालकी ग्रंथालयाकडे जावी, बाईंना आता प्रकृतीमुळे जपता येत नाहीत, असं ठरत होतं. आमच्या विभागप्रमुख पॅम यांना तर किती घेऊ आणि किती नको असं झालं होतं, कारण अशा घराण्यांची पत्रं इतकी सलग सहसा मिळत नाहीत. मी नुसतं ओलावा-बुरशी बघायला म्हणून ते खोके उघडले आणि वाचतच बसले.

बापाची पत्रं थोडकी, त्यांत मुलाची विचारपूस नाही. ऐसपैस अक्षर, अर्धा कागद कोरा. गवत कसं झालं, कुणाचा खंड थकला, कुणाला नोटीस दिली. स्वतःच न्यायाधीश असल्यामुळे ससा मारला म्हणून एका कुळाच्या पोराला तुरुंगात धाडलं, तेही लिहिलेलं, आणि खालच्याच ओळीत कुत्रीला पिल्लं झाल्याचं. अगदी आमच्या मालगुजाराचा भाऊ शोभावा.

आईची पत्रं मात्र गठ्ठेच्या गठ्ठे. तिचं नाव ॲन. त्या काळी टपालखर्च कागदाच्या संख्येवर लागायचा, म्हणून ती एकाच कागदावर आधी आडवं लिहायची, कागद भरला की तो वळवून त्याच अक्षरांवरून उभं लिहायची. चारखान्याच्या कापडासारखं दिसतं ते. कागद तिरपा धरून डोळे बारीक केले की एकेक ओळ सुटी होते. वरकरणी सगळं घरगुती असायचं, सर्दी, मुरांबा, बहिणीची लग्नं. पण प्रत्येक पत्रात कुठंतरी तेच. तुला पुरेसं पांघरूण आहे का? तुझं पत्र का नाही आलं?

डेव्हिडनं काय उत्तर दिलं ते आपल्याला कळत नाही. पत्रव्यवहाराची ही मोठी गंमत आहे, लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही लिहिलेली पत्रं तुमच्याकडे नसतात, ज्याला लिहिली त्याच्याकडे असतात. डेव्हिडची पत्रं प्लास वर्नेनमध्ये होती. ती गढी विकली गेली, पुढे पाडली, आणि पत्रं कुठं गेली कुणास ठाऊक. त्यामुळे आमच्याकडे आलं ते अर्धंच बोलणं. आई विचारते आहे, आणि मुलगा गप्प.

बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात बुटाचं एक खोकं होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, हीही घराण्याची पत्रं, ही त्यांच्यासोबतच राहायला हवीत. आत पिवळ्या रेघी कागदांवर बॉलपेननं लिहिलेली पत्रं होती. प्रत्येक पाकिटावर तुरुंगाचा शिक्का आणि कैद्याचा नंबर.

गॅरेथ, त्यांचा एकुलता एक मुलगा. गोदामात कामाला होता, पाठीला मार लागला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्या सुटेनात. मग गोळ्यांच्या पुढचं जे असतं, सुईतलं, ते सुरू झालं. त्या भागात घरटी अशी एक गोष्ट ऐकायला मिळते. एकदा त्यानं तेच मित्राला दिलं आणि मित्र मेला. गॅरेथला त्यासाठी शिक्षा झाली. तो गुन्हा त्यानं नाकारला नाही, आणि बाईंनीही माझ्यापुढे त्याची कधी बाजू घेतली नाही. त्या फक्त म्हणाल्या की त्या मित्राच्या आईला बाजारात पाहिलं की मी रस्ता ओलांडते. शिक्षा संपत आली असताना गॅरेथचं यकृत गेलं आणि तो तुरुंगाच्या इस्पितळात वारला. बाईंना फोननं कळवलं.

मी विचारलं, तुम्ही त्याला लिहिलेली पत्रं आहेत का? त्याच्या सामानात परत आली असतील. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि मी स्वतःला कागदातली तज्ज्ञ म्हणवत होते. लोक कागद नशेच्या औषधात भिजवून तुरुंगात पाठवतात, कैदी तो चघळतात. म्हणून तिथं बाहेरून आलेलं पत्र कैद्याला देतच नाहीत. त्याची कॉपी काढून ती देतात आणि मूळ पत्र मशीनमध्ये घालून फाडून टाकतात. बाई दर रविवारी शाईच्या पेननं पत्र लिहायच्या, लॅटिनच्या शिक्षिकेचं ते अक्षर, आणि पोस्टात टाकायच्या. ते सगळं असं गेलं. कॉपी होत्या, त्या गॅरेथ मेल्यावर कुणीतरी कचऱ्यात टाकल्या.

कागद वाचवण्यात माझं आयुष्य गेलेलं, आणि त्याच राज्यात, माझ्या घरापासून काही तासांवर, पगारी माणसं बसून आयांची पत्रं फाडत होती.

मी ते खोकं घेऊन पॅमकडे गेले. पॅम वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. हुशार, सरळ, आणि जागा कमी, मागणारे जास्त, अशा कात्रीत कायम सापडलेली. तिनं पाचसहा पत्रं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली की ही घेता येणार नाहीत. आमचा संग्रह जुन्या स्थलांतराचा आणि जमीनदारीचा. यात जिवंत माणसांची नावं आहेत, मेलेल्या मित्राच्या घरच्यांचा प्रश्न आहे, आणि अशी तुरुंगातली पत्रं आता शेकड्यांनी येतील, सगळी कुठं ठेवणार? मी म्हटलं, डेव्हिडलाही घरातून हाकललं होतं, तो हाकललेला म्हणूनच तर ही पत्रं आहेत. ती म्हणाली, ते खरं आहे, पण त्याला आता पुष्कळ काळ लोटला.

पॅमनं स्वतः बाईंना समोर बसवून सांगितलं. फार हळुवारपणे सांगितलं. गॅरेथची पत्रं आम्ही स्कॅन करून देऊ, उत्तम प्रतीचं स्कॅन, कायम राहील, आणि मूळ पत्रं तुमची तुम्हाला परत. बाई काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या.

"माझी पत्रं त्यांनी स्कॅन केली," त्या म्हणाल्या. "स्कॅन म्हणजे काय ते मला माहीत आहे."

पॅम लाल झाली, पण तिनं निर्णय बदलला नाही. अजून करारावर सह्या व्हायच्या होत्या, म्हणून बाईंनी सगळंच परत मागितलं. लाकडी खोके, बुटाचं खोकं, सगळं. मीच ते ट्रॉलीवरून त्यांच्या शेजाऱ्याच्या गाडीत ठेवून दिलं. गाडीशी उभ्या राहून बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. समजा ही पत्रं पुन्हा तुमच्याकडे आली, तर तुम्ही ती तारखेप्रमाणे लावणार का? मी म्हटलं, नाही हो, मुळीच नाही. घरच्या माणसांनी ज्या क्रमानं ठेवली तो क्रम आम्ही मोडत नाही. कुणी काय कशाच्या शेजारी ठेवलं, तेही पत्राइतकंच बोलतं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. बाईंनी मान डोलावली आणि गाडीत बसल्या. मला वाटलं, संपलं प्रकरण.

घरी आल्यावर माझं तोंड उतरलेलं बघून लेक म्हणाली, "आई, यू कान्ट ब्रिंग धिस होम एव्हरी डे." नवरा म्हणाला, अगं, तिचं बरोबर आहे, जेव. मी जेवले, पण चव कळली नाही.

बरेच आठवडे गेले आणि बाईंचे दोन लाकडी खोके परत आले. शेजारीच घेऊन आला. सोबत सही केलेला करार, आणि बाईंची प्रकृती ढासळली असल्याचा निरोप. बुटाचं खोकं नव्हतं. पॅमला वाटलं, बाईंनी मान्य केलं. करारात लिहिलं होतं, ट्रेहर्न घराण्याची पत्रं, दोन खोके, आहेत तशी. पॅमनं सही केली आणि खोके माझ्याकडे खाली पाठवले.

मी पहिला गठ्ठा सोडला. वर ॲनचं पत्र, चारखान्याचं. त्याच्याखाली पिवळा रेघी कागद. त्याच्याखाली ॲन. त्याच्याखाली पुन्हा पिवळा कागद. मी दुसरा गठ्ठा सोडला, तिसरा सोडला. सगळीकडे तसंच. मला पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, कमाल आहे बाई तुमची, माझाच नियम माझ्या गळ्यात घातलात. घराण्यानं लावलेला क्रम तो हा, आता मोडा बघू.

मग मी वाचायला लागले, आणि हसू जिथल्या तिथं थिजलं.

बाईंनी ती पत्रं नुसती लपवली नव्हती. त्या आजारपणात बसून त्यांनी प्रत्येक पत्राला पत्र जोडलं होतं. ॲन विचारते, मी कप्तानाबरोबर पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले का, तिकडे थंडी फार असते म्हणतात. आणि खाली गॅरेथ लिहितो, मॉम, मोजे पाठवू नकोस, बाहेरचे आत देत नाहीत, पण त्यांनी आता दुसरं ब्लँकेट दिलंय, मी ठीक आहे. ॲन लिहिते, तुझे वडील जेवताना तुझं नाव काढत नाहीत, पण काल त्यांनी विचारलं की ओहायोत पाऊस कसा आहे. गॅरेथ लिहितो, इथं खिडकीतून झाडाचा शेंडा दिसतो, पाऊस आला की तो आधी हलतो. ज्या आईच्या मुलाची उत्तरं राहिलेली नव्हती आणि ज्या मुलाला लिहिलेली आईची पत्रं राहिलेली नव्हती, त्या दोघांना बाईंनी समोरासमोर बसवलं होतं.

एका गठ्ठ्यात जाड काळ्या काठाचं पत्र होतं. घरात कुणी गेलं की ती माणसं अशा कागदावर लिहायची. दुःख ताजं असलं की काठ रुंद, दिवस जातील तसा अरुंद. आपल्याकडे मयताचं पत्र आलं की वाचून फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. नागपूरला माझ्या आजीनं तशी कितीतरी कार्डं माझ्यादेखत चुलीत घातली. यांनी मात्र ते जपलं होतं. ॲननं लिहिलं होतं की तुझ्या वडिलांना मंगळवारी माती दिली. आता तुला कुणी अडवणार नाही. घरी ये.

त्याच्याखाली गॅरेथचं पत्र होतं. "मॉम, पॅरोल बोर्डानं सुटकेला नाही म्हटलं. या वर्षी नाही. तू रडू नकोस, मी रडलो नाही."

मी खुर्ची मागे सरकवून तशीच बसून राहिले. मला रडू आवरेना, आणि उघड्या पत्रांजवळ तर पाण्याचा थेंबही चालत नाही.

आणि आता माझा धंदा आडवा आला. तो पिवळा कागद लाकडाचा, स्वस्तातला, आम्लानं भरलेला. तो ॲनच्या कागदाला लागून ठेवला की काही वर्षांत तिच्या पत्रांवर तपकिरी डाग उमटणार. असा कागद दिसला की आधी वेगळा काढायचा, हे मी इतक्या जणींना शिकवलं होतं. पाण्यातून काढून त्यातलं आम्ल धुता येतं, पण गॅरेथची शाई मी एका टोकाला तपासून पाहिली, ती लगेच पसरायला लागली. म्हणजे धुणं नाही. पॅमला त्याला बाहेर काढायला कारण हवं असतं तर ते माझ्याच हातात होतं, आणि ते खरं होतं.

लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. मी पॅमला खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं, आम्लाचंही. ती चिडली. तिचं म्हणणं असं की हा घराण्याचा क्रम नव्हेच, हा बाईंनी गेल्या महिन्यात केलेला बनाव आहे. उद्या एखादा अभ्यासक हे वाचून काय समजेल? मी म्हटलं, बाई त्याच घराण्यातल्या आहेत, शेवटच्या आहेत, त्यांनी लावला तो क्रम घराण्याचा नाही तर कुणाचा? पॅम म्हणाली, मग कागदाचं काय? तू स्वतः वेगळे केले असतेस. मी म्हटलं, हो, केले असते.

मग मी काळ्या काठाचं पत्र आणि त्याच्याखालचं, अशी दोन्ही तिच्यापुढे ठेवली. पॅमनं उभ्याउभ्या वाचली. मग ती बसली आणि तिनं पुढची जोडी मागितली, मग त्याच्या पुढची. ते वाचण्यात दुपार गेली.

शेवटी तिनं विचारलं की काही उपाय आहे का. मी सांगितलं, प्रत्येक दोन पत्रांमध्ये आम्ल शोषणारा कागद घालता येईल. तो काही वर्षांनी संपतो, मग नवा घालावा लागतो. कायमचा. ती म्हणाली, कोण घालणार? मी म्हटलं, मी आहे तोवर मी. पुढे रिटायर होताना मी माझ्या जागेवर आलेल्या मुलीला सगळं दाखवून, लिहून दिलं. तिच्याकडे ढीगभर काम आहे आणि हाताखाली कुणी नाही. ती ते कागद बदलेल की नाही, याची मला आजही खात्री नाही.

"तसंच ठेव," पॅम म्हणाली. "हा क्रम कुणी लावला आणि का, याची टीप मी लिहिते."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. बाई आता हॉस्पिसमध्ये होत्या. औषधोपचार संपलेल्यांना दुखू नये एवढंच जिथं बघतात, तिथं. खोली स्वच्छ, खिडकीत ऊन, बाई पलंगावर इतक्या लहान दिसत होत्या की मी आधी दुसऱ्याच कुणाच्या खोलीत आले असं वाटलं. शुद्ध मात्र पक्की होती. मी सांगितलं की पत्रं तुम्ही लावलीत तशीच राहणार, सगळी, गॅरेथचीही, कुणी हलवणार नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. गालावरून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले.

जरा वेळानं त्या म्हणाल्या, गॅरेथचं एखादं हातात दे.

त्या हे मागणार, हे मला माहीत होतं. करारावर सही झाली की पत्र ग्रंथालयाचं होतं, आणि मूळ कागद इमारतीबाहेर जात नाही. ना माझ्यासोबत, ना पॅमसोबत, ना ज्यानं दिलं त्याच्यासाठी. तरी मी निघण्याआधी पॅमला विचारलं होतं. ती नाही म्हणाली, आणि मी तिच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. मी बोर्डानं नाकारलं त्या पत्राची कॉपी आणली होती. चांगल्या कागदावर काढलेली. ती मी त्यांच्या हातात ठेवली.

गॅरेथ पेन फार दाबून लिहायचा. त्याच्या कागदाच्या मागून हात फिरवला की अक्षरं बोटांना लागत. बाईंनी कागद उलटा केला आणि अंगठा फिरवला. वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग त्या थांबल्या.

"कॉपी आहे," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"त्याला माझी पत्रं अशीच मिळायची?"

"हो. अशीच."

मला वाटलं, आता तो कागद फेकून देतील.

"मग मीही असंच वाचते," त्या म्हणाल्या, आणि कागद सुलटा करून त्यांनी माझ्याकडे चष्मा मागितला.